आयर्नचा शॉट सतत चुकतोय? आयर्न बदलण्याआधी बॉलसोबतची जोडी तपासा

डब्ल्यूजीटी (वर्ल्ड गोल्फ टूर) आणि गोल्फ क्लॅश या फोनवरच्या दोन गोल्फ खेळांना धरून हे समस्या निवारण लिहिलं आहे. मीटर (स्क्रीनवरची सरकती पट्टी) किंवा सुई थांबवून शॉट मारायचे बाकीचे गोल्फ खेळही थोड्याफार फरकाने असेच चालतात. बिघाड नेहमी एकाच पद्धतीने सुरू होतो. नवं आयर्न (ग्रीनकडे बॉल मारायची काठी, म्हणजे क्लब) घेतलं किंवा नवा बॉल लावला, दोन दिवस मजेत गेले आणि मग ग्रीनवर (ध्वजाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) काहीच थांबेना. त्यावर उपाय म्हणून आणखी एक आयर्न विकत घेतलं जातं. बहुतेक वेळा त्या खरेदीची गरज नसते.

लक्षणं

"आयर्न नीट लागत नाही" या एका तक्रारीत वेगवेगळे बिघाड असतात. आपला कोणता, ते आधी ओळखा.

- टप्पा ग्रीनवर बरोबर पडतो, पण बॉल घरंगळत ग्रीनच्या पलीकडे निघून जातो.
- टप्पा बरोबर पडतो आणि बॉल उलटा फिरून ग्रीनच्या पुढच्या कडेवरून खाली येतो.
- वारा नसताना, सपाट जागेवरून, प्रत्येक आयर्न सारखंच कमी किंवा सारखंच जास्त जातं.
- शॉट कधी डावीकडे, कधी उजवीकडे. त्यात काही नियमच दिसत नाही.
- बॉल बदलल्यापासून मीटर मध्यावर थांबतच नाही.
- फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून) सगळं ठीक, रफमधून (कडेच्या वाढलेल्या गवतातून) मात्र अंदाज कोसळतो.
- गोल्फ क्लॅशमध्ये आयर्नची लेव्हल वाढवली आणि वाऱ्याचं पाठ झालेलं गणित चुकायला लागलं.

आता पुढचे दहा शॉट मारताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट लिहून ठेवा: मीटर मध्यावर थांबलं होतं का? मीटर अचूक थांबूनही शॉट चुकला, तर दोष साधनात किंवा अंदाजात आहे. मीटरच चुकलं, तर दोष वेळेत आहे, आणि जगातलं कोणतंही आयर्न तो पूर्ण झाकू शकत नाही. पुढची सगळी तपासणी या एका नोंदीवर उभी आहे, म्हणून ती टाळू नका.

१. आवाज, स्क्रीन, बॅटरी (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं)

ब्लूटूथ इअरफोन काढा. ब्लूटूथवरून आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. डब्ल्यूजीटीत मीटर मध्यरेषेवर आल्याचा अंदाज कानाने घेणारे बरेच आहेत. त्यांच्या कानावर आवाज येतो तोवर मीटर पुढे गेलेलं असतं. तारेचा इअरफोन लावा किंवा फोनच्या स्पीकरवर खेळा. "सारखं एकाच बाजूला जातंय" ही तक्रार अनेकदा इथेच संपते.

मग बॅटरी सेव्हर बंद करा. मीटर शून्यापासून शंभरापर्यंत एका सेकंदात जातं असं धरा. सेकंदाला ६० चित्रं दिसत असतील, तर दोन चित्रांच्या मध्ये मीटर साधारण पावणेदोन टक्के सरकतं. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने तेच ३० वर आणलं, तर सव्वातीन टक्क्यांहून जास्त. ताकद आणि अंतर सरळ प्रमाणात धरलं, तर १५० यार्डांच्या शॉटवर हे पाच यार्ड झाले. पाच यार्डांत बॉल बंकरमध्येही पडतो. फोन हाताला गरम लागत असेल तर खेळ थांबवून तो थंड होऊ द्या, कारण तापलेला फोन स्वतःहून वेग कमी करतो. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा.

नेटवर्कवर संशय असेल, तर तोच होल घरच्या वायफायवर आणि नंतर दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवर खेळा. दोन्हीकडे मीटर सारखंच अडखळलं, तर बहुधा दोष तुमच्या उपकरणात आहे. उगाच राउटर बदलत बसू नका.

२. उंची आणि लाय

इथे आयर्नवर सर्वात जास्त खोटे आळ येतात.

आयर्नवर लिहिलेलं अंतर हे पूर्ण ताकद, सपाट जमीन, चांगली लाय (बॉल कशा जागेत पडला आहे ते) आणि शांत हवा यांचं असतं. डब्ल्यूजीटी उंचीचा फरक फुटांत दाखवतं. तीन फूट म्हणजे एक यार्ड, आणि तितके यार्ड वाढवायचे किंवा कमी करायचे, हे गणित बहुतेकांना माहीत असतं. ते तंतोतंत बरोबर ठरतं ते बॉल ४५ अंशांत उतरत असेल तेव्हा. ग्रीन ३० फूट, म्हणजे १० यार्ड वर आहे असं समजा. बॉल ४५ अंशांत उतरला, तर १० यार्ड जास्त मारावे लागतात. ५० अंशांत, उंचावरून येणाऱ्या शॉर्ट आयर्नला साडेआठच्या आसपास पुरतात. ४० अंशांत, चपट्या येणाऱ्या लाँग आयर्नला जवळपास १२ लागतात. एकाच ग्रीनवर ८ नंबर (शॉर्ट आयर्न) जास्त जातं आणि ४ नंबर (लाँग आयर्न) कमी पडतं, त्याचं कारण हा उतरण्याचा कोन आहे. तुमच्या सेटमध्ये काही बिघाड झालेला नसतो.

आता लाय. रफमध्ये गेल्यावर डब्ल्यूजीटी टक्क्यांचा एक पट्टा दाखवतं. तो २०–३० असेल, तर अंतर तितक्या टक्क्यांनी घटणार. १२० यार्ड हवे असतील, तर मधला २५ टक्के धरून १६० यार्डांचा शॉट निवडायचा. पण त्या शॉटला २० टक्के घट लागली तर बॉल १२८ ला पडेल, ३० लागली तर ११२ ला. सोळा यार्डांची ही फाकाफाक लायमधून येते. नवं आयर्न ती पुसत नाही. रफमधून ध्वजावर न जाता ग्रीनच्या सर्वात रुंद भागावर नेम धरा, एवढंच हाती आहे.

३. ग्रीन कसं आहे?

डब्ल्यूजीटीत टुर्नामेंट ग्रीनचा वेग १२ आणि चॅम्पियनशिपचा १३ असतो. हे आकडे स्टिम्पमीटरच्या मापातले आहेत. एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ मध्ये तयार केलेली ती साधी उतरती पट्टी. तिच्यावरून सोडलेला बॉल सपाट ग्रीनवर जितके फूट जातो, तितका त्या ग्रीनचा वेग. म्हणजे ९ वेगाच्या ग्रीनवर नीट थांबणारी जोडी १३ वर घरंगळली, तर ती बिघडलेली नाही. तुलना करायची तर एकाच वेगाच्या ग्रीनवर करा. कालचा शॉट सेंट अँड्र्यूजच्या मैदानावरचा आणि आजचा बेथपेज ब्लॅकच्या मैदानावरचा, असं असेल तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी निरर्थक आहे.

बॉल उलटा फिरून ग्रीनबाहेर येत असेल, तर काहीही बदलण्याआधी बॅकस्पिन (बॉलला मागे खेचणारी फिरकी) अर्ध्यावर आणा. याला काहीच खर्च नाही, आणि बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. पूर्ण बॅकस्पिन ही सवय झाली की तो आपण लावलाय, हेच लक्षातून जातं.

४. बॉल: कोणता आकडा काय करतो

दोन खेळांमध्ये बॉलचं काम वेगळं आहे, आणि एकीकडचा सल्ला दुसरीकडे वापरल्यामुळे बराच गोंधळ होतो.

गोल्फ क्लॅशच्या बॉलला ताकद, वाऱ्याला तोंड देण्याची क्षमता आणि साइडस्पिन हे गुण असतात. बॅकस्पिन तिथे बॉलच्या गुणांत नाहीच, तो क्लबचा गुण आहे. म्हणून गोल्फ क्लॅशमध्ये बॉल ग्रीनवर थांबत नसेल, तर बॉल बदलून उपयोग नाही. आधी टॉपस्पिन (बॉलला पुढे पळवणारी फिरकी) लागलेला नाही ना ते बघा, मग बॅकस्पिनचा आकडा जास्त असलेलं आयर्न लावा. ताकदीचा बॉल लावलात तर घरंगळणं उलट वाढेल. वारा १० च्या वर आहे आणि शॉट लांबचा आहे, अशा वेळी मात्र वाऱ्याला तोंड देणाऱ्या बॉलला खरी किंमत आहे.

डब्ल्यूजीटीत बॉल स्वतः स्पिन आणि अंतर आणतो. शिवाय काही बॉल मीटर हळू करतात, आणि हा गुण फार कमी लेखला जातो. वरचाच हिशोब पुन्हा करा. मीटर एका सेकंदाऐवजी दीड सेकंदात सरकलं, तर ३० चित्रांच्या फोनवर एका चित्राचा फरक सव्वातीनवरून सव्वादोन टक्क्यांवर येतो. तुमच्या बोटाची चूक तेवढीच राहते, पण मैदानावर तिची किंमत एक तृतीयांशाने घटते. ज्यांचं मीटर चुकतं त्यांनी आयर्नच्या आधी हळू मीटरच्या बॉलवर पैसे घालावेत, हे आमचं ठाम मत आहे. पण बदललेल्या वेगाची सवय व्हायला वेळ लागतो. हळू मीटरवर सुरुवातीला घाई होते, आणि परत वेगवान बॉल लावला की उशीर होतो. "बॉल बदलल्यापासून मीटर लागेना" हे लक्षण इथलं. एकच बॉल धरून दोन पूर्ण फेऱ्या खेळा, मगच मत बनवा. होलनुसार बॉल बदलत राहिलात तर ती सवय कधीच बसणार नाही.

डब्ल्यूजीटीत जोडीचं तत्त्व असं: एकाच गुणाचं आयर्न आणि बॉल एकत्र आणू नका. अंतराचं आयर्न आणि अंतराचाच बॉल लावला, तर आकडे छान दिसतात, पण थांबवण्याचं काम करायला कोणीच उरत नाही. जास्त स्पिनचं आयर्न आणि जास्त स्पिनचा बॉल मऊ ग्रीनवर उलटा पळतो. अंतराच्या आयर्नला स्पिनचा बॉल द्या. अचूकतेच्या किंवा स्पिनच्या आयर्नला हळू मीटरचा किंवा अंतराचा बॉल द्या.

याला एक अपवाद आहे. सेंट अँड्र्यूजसारख्या कडक, वाऱ्याच्या लिंक्स (समुद्रकाठच्या) मैदानावर बॉल ग्रीनच्या अलीकडे टाकून धावत नेणं हाच शहाणा शॉट असतो. तिथे घरंगळण्याला बिघाड म्हणू नका.

५. चाळीस शॉटची चाचणी

इथवर सगळं नीट आहे आणि तरी शंका उरली आहे, तर आता मोजा. आयर्न दोन, बॉल दोन, म्हणजे जोड्या चार: जुनं-जुना, जुनं-नवा, नवं-जुना, नवं-नवा. प्रत्येकीचे दहा शॉट. सरावाच्या फेरीत १५० यार्डांच्या आसपासचा सपाट पार ३ (तीन फटक्यांचा होल) निवडा. होल तोच, ध्वजाची जागा तीच, वारा शक्य तितका कमी.

एका जोडीचे दहाही शॉट सलग मारू नका. हात हळूहळू बसत जातो, आणि शेवटच्या जोडीला फुकटचा फायदा मिळतो. प्रत्येकीचे पाच-पाच मारा, मग उलट्या क्रमाने पुन्हा पाच-पाच. मीटर मध्यावर थांबलं नाही तो शॉट धरू नका, परत मारा. किती परत मारावे लागले तो आकडा मात्र जोडीनुसार वेगळा लिहा, कारण मीटर कोणत्या जोडीत सोपं जातं ते तोच सांगतो.

प्रत्येक शॉटच्या तीन नोंदी: टप्पा किती यार्डांवर पडला, त्यानंतर किती घरंगळला, रेषेपासून डावी-उजवीकडे किती. दहा आकडे चढत्या क्रमाने लावा आणि पाचव्या-सहाव्याची सरासरी घ्या. एखादा भलताच शॉट त्यामुळे निकाल ओढून नेत नाही.

समजा आकडे असे आले. जुनी जोडी: टप्पा १५०, घरंगळ ९. फक्त बॉल बदलला: १५३ आणि ११. फक्त आयर्न बदललं: १५५ आणि ६. दोन्ही बदललं: १५८ आणि ८. म्हणजे नव्या बॉलने तीन यार्ड दिले, पण घरंगळ दोन यार्डांनी वाढवली. नव्या आयर्नने पाच यार्ड दिले आणि घरंगळ तीनने घटवली. ग्रीनवर थांबणं हीच तक्रार होती, तर नवं आयर्न ठेवा आणि बॉल जुनाच वापरा. दोन्ही नव्या वस्तू एकदम लावल्या असत्या, तर घरंगळ नऊवरून आठवर आलेली दिसली असती आणि "काही फरक नाही" म्हणून चांगलं आयर्न बाजूला पडलं असतं.

आणि दोन्ही मिळून आलेला फरक हा एकेकट्या फरकांच्या बेरजेच्या जवळपास नसेल, तर मोजताना काहीतरी बदललं आहे. बहुधा वारा.

६. अंतरांच्या पायऱ्या आणि वाऱ्याचं गणित

डब्ल्यूजीटीत बॉल बदलला की सगळ्या आयर्नची अंतरं पुन्हा मोजून लिहा, निदान एक लाँग, एक मधलं आणि एक शॉर्ट. दोन शेजारच्या क्लबांत दहा ते पंधरा यार्डांची पायरी असली की पुरे. सगळ्यात कमी अंतराचं आयर्न आणि सगळ्यात जास्त अंतराचा वेज (जवळच्या शॉटचा क्लब) यांच्यामध्ये पंचवीस यार्डांची दरी निघाली, तर त्या दरीतला प्रत्येक शॉट अर्ध्या ताकदीने मारावा लागेल आणि दोष आयर्नच्या नावावर जाईल. अशा वेळी एक वेज बदलणं हे अख्खा आयर्न सेट बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.

गोल्फ क्लॅशमध्ये लक्षण वेगळं दिसतं. तिथे वाऱ्यासाठी लक्ष्य किती कड्या (लक्ष्याभोवतीची वर्तुळं) सरकवायचं हे गणित आयर्नच्या अचूकतेवर चालतं. अचूकता वाढली की कड्या लहान होतात, म्हणून तेवढ्याच वाऱ्याला आता जास्त कड्या सरकवाव्या लागतात. आयर्न अपग्रेड केलं आणि खेळ बिघडला, ही तक्रार जवळजवळ नेहमी याचीच असते: आयर्न सुधारलं, गणित जुनंच राहिलं. आयर्नच बदललं, म्हणजे थॉर्नवरून हॉर्नेटवर किंवा अपाचीवरून किंगफिशरवर गेलात, तरी तेच. नव्या लेव्हलवर वेगवेगळ्या वाऱ्यांत निदान सहा-सात शॉट मारून कडीमागे किती वारा ते पुन्हा ठरवा. ते एकाच अंतरावर ठरवू नका. त्याच आयर्नच्या कमाल आणि किमान अंतरावर उत्तर वेगळं येतं, म्हणून दोन्ही टोकं मोजा.

७. आता खरेदी

चाळीस शॉटच्या नोंदी हातात असतील आणि त्यांत मीटर अचूक असूनही डावी-उजवी फाकाफाक दिसत असेल, तरच जास्त अचूकतेचं आयर्न घ्या. नुसतं अंतर वाढवायला आयर्न घेऊ नका. अंतर कमी पडलं तर बॅगेतला पुढचा, जास्त लांब जाणारा क्लब फुकट आहे. पुढची लेव्हल दोन-चार फेऱ्यांवर असेल तर थांबा, तिच्यासोबत खुला होणारा सेट आजच्या सेटला निकालात काढू शकतो.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

स्क्रीन. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर पर्याय उघडतील. त्यात पॉइंटर लोकेशन चालू करून बोट स्क्रीनभर सावकाश फिरवा. रेषा एकाच जागी पुन्हापुन्हा तुटत असेल, तर तिथे टच मेला आहे. खेळाच्या सेटिंगने ते दुरुस्त होत नाही, सर्व्हिस सेंटरला द्या. स्क्रीन कडेने उचलली गेली असेल किंवा फोनची पाठ फुगली असेल, तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि घरी उघडू तर नकाच. थेट सर्व्हिस सेंटर.

पैसे. रक्कम कापली गेली आणि आयर्न किंवा बॉल खात्यात आले नाहीत, तर पुन्हा पैसे भरू नका. व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ यांचा स्क्रीनशॉट घ्या आणि खेळाच्या आतल्या मदत विभागातूनच तक्रार नोंदवा. तिथे दाद लागली नाही तर बँक. स्वस्त नाणी किंवा क्रेडिट विकणाऱ्या त्रयस्थाला पासवर्ड किंवा ओटीपी देऊ नका. खातं गेलं की सेटही गेला.

आणि हात. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखतंय, बोटांना मुंग्या येतायत, मीटर सोडताना अंगठा अडकतोय, असं असेल तर सराव वाढवू नका. आठवडाभर खेळ बंद ठेवा. तरी दुखणं राहिलं तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मुंग्या रात्री झोपेतून उठवत असतील, तर आठवडाही थांबू नका.